छतावरचा कोळी, ट्यूबलाइटमागची पाल आणि भिंतीवरची ती राखाडी पिशवी

ओल धरलेल्या भिंतीवर, कपाटामागे किंवा दाराच्या चौकटीजवळ एक राखाडी, चपटी, काकडीच्या बीसारखी वस्तू चिकटलेली असते. बहुतेक घरांत ती वाळलेली घाण समजून झाडूने पाडली जाते. पण ती चालते! दोन मिनिटं थांबून पाहा. एका टोकातून इवलंसं तपकिरी डोकं आणि सहा पाय बाहेर येतात आणि अख्खी पिशवी ओढत वर सरकू लागतात.

ही एका लहानशा पतंगाची अळी. स्वतःच्या रेशमात वाळूचे कण, भिंतीचा पोपडा, कपड्यांचे धागे आणि आपले गळलेले केस गुंफून तिने हे घर विणलेलं असतं. घराला दोन्ही टोकांना दार असतं. अळी आतल्या आत उलटी वळते आणि हवं त्या दारातून डोकं काढते. तिचं खाणंही ऐकण्याजोगं आहे: लोकर, केस आणि कोळ्याने सोडून दिलेली जुनी जाळी. म्हणजे आपण ज्या जळमटांवर वैतागतो, ती साफ करायला निसर्गाने एक कर्मचारी आधीच नेमलेला आहे. आपण त्यालाही झाडून टाकतो.

घर फक्त आपलं नसतं, हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं. त्यांनी रॅलेच्या परिसरातली 50 घरं खोलीखोलीतून धुंडाळली आणि 2016 साली निष्कर्ष छापले. एकेका घरात सरासरी शंभरच्या आसपास प्रकारचे कीटक, कोळी आणि त्यांचे भाऊबंद निघाले. कोळी, मुंग्या, गालिचे खाणारे भुंगेरे आणि एक बारीक माशी यांच्याशिवाय एकही घर सापडलं नाही. ती तर आपल्याहून थंड प्रदेशातली, बहुधा बंद खिडक्यांची घरं होती. आपल्याकडे खिडक्या उघड्या, पावसाळा चार महिन्यांचा आणि दारात तुळस. आपल्या घरातली हजेरी कमी असायचं काही कारण नाही.

रिकामं जाळं, भरलेलं जाळं

छताच्या कोपऱ्यात उलटा लटकलेला, केसाएवढ्या लांबलचक पायांचा कोळी सगळ्यांच्या ओळखीचा. त्याला बोट लावा. तो पळत नाही, जागच्या जागी इतक्या जोरात गरगरतो की शरीर दिसेनासं होतं. हल्ला करणाऱ्याला नेम धरता येऊ नये यासाठी ही युक्ती. डास, माश्या, मुंग्या आणि चक्क दुसरे कोळी हा त्याचा आहार. मादी तर अंड्यांचा गोल गठ्ठा तोंडात धरून पिल्लं बाहेर पडेपर्यंत तशीच लटकत राहते. आई म्हणून तिचा विचार केला की झाडू आपोआप खाली येतो.

धुळीने काळी पडलेली, दोऱ्या लोंबणारी जळमटं ही बहुधा ओस पडलेली जाळी असतात. राहता कोळी जाळ्याची डागडुजी करत राहतो. बागेत चक्राकार जाळं विणणारे कोळी तर जुनं जाळं खाऊन टाकतात आणि त्याच प्रथिनातून नवं विणतात. रेशीम कोळ्याच्या पोटात द्रवरूप असतं. बाहेर ओढताना ते घट्ट होतं आणि त्याचा धागा बनतो.

आता भिंतीकडे जरा नीट पाहा. चुन्याच्या किंवा खरबरीत भिंतीवर छोटे, गोल, पांढुरके ठिपके दिसतात. तेही जाळंच. त्याखाली दोन-तीन मिलिमीटरचा कोळी बसलेला असतो. मुंगी आली की तो तिच्याभोवती भरभर गोल फिरतो आणि फिरता फिरता तिला धाग्यांत बांधून टाकतो. या गटातल्या एका जातीचं वर्णन 1962 साली भारतीय कोळीतज्ज्ञ बी. के. टिकादर यांनी केलं आणि तिला नाव दिलं ओएकोबियस मराठाउस. होय, मराठाउस! पुढे हाच कोळी जपान, ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलमध्येही नोंदला गेला. माणसाच्या घरात राहणारा प्राणी माणसाच्या सामानाबरोबर जगभर जातो.

वळून तुमच्याकडे बघणारा

खिडकीच्या चौकटीवर टुणटुण उड्या मारणारा छोटा कोळी मला सगळ्यांत लाडका. त्याला आठ डोळे असतात आणि समोरचे दोन चांगलेच मोठे. त्याच्यासमोर बोट हलवा, तो अंग वळवून थेट तुमच्याकडे बघतो. घरात वावरणाऱ्या बारीक जिवांत इतकी तल्लख नजर क्वचितच कोणाची असेल. तो शिकारीसाठी जाळं विणत नाही, पण उडी मारण्याआधी एक धागा खाली चिकटवून ठेवतो. नेम चुकला तर त्या धाग्याला लटकून परत वर येतो.

त्याच्या उडीमागचं यंत्र तर थक्क करणारं आहे. कोळ्याच्या पायांच्या मुख्य सांध्यांना पाय लांब करणारे स्नायूच नसतात. अंगातला द्रव दाबाने पायात ढकलला की पाय ताठ होतात. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी मुडपलेले का असतात, याचं उत्तर इथे आहे: दाब गेला, पाय मिटले. अमेरिकेतल्या राईस विद्यापीठातल्या अभियंत्यांनी 2022 साली मेलेल्या कोळ्याच्या अंगात सुईने हवा भरून त्याचे पाय उघडून-मिटून दाखवले आणि त्याचा चिमट्यासारखा वापर केला.

त्याच वर्षी जर्मनीत संशोधक डॅनिएला रोस्लर यांनी उड्या मारणाऱ्या या कुळातल्या कोळ्यांच्या पिल्लांची रात्री चित्रफीत घेतली. पिल्लांचं डोकं पारदर्शक असतं, त्यामुळे आत डोळ्यांचे पडदे हलताना दिसतात. धाग्याला लटकून झोपलेल्या पिल्लांचे डोळे ठरावीक वेळाने हलत होते आणि पाय थरथरत होते. माणसाला स्वप्नं पडतात त्या झोपेत आपलंही असंच होतं. कोळ्याला खरंच स्वप्न पडतं का, हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. पण प्रश्न विचारता आला, हीच केवढी गोष्ट!

या कुळातल्या एका जातीपुढे तर प्रत्येक मुंबईकराने हात जोडावेत. ठाणे परिसरात सापडलेल्या एका नव्या जातीला 2021 साली आयसियस तुकारामी हे नाव दिलं गेलं. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर दहशतवादी कसाबची रायफल धरून ठेवताना गोळ्या झेललेले पोलीस तुकाराम ओंबळे यांचं हे स्मारक. पुतळ्यांची निगा राखावी लागते. हे नाव मात्र जगभरच्या कोळ्यांच्या यादीत कायम राहील. दुसऱ्या एका चुणचुणीत कोळ्याला 2019 साली मारेंगो सचिनतेंडुलकर असं नाव मिळालं, तेही इथे सांगून टाकतो.

रात्री दिसणारा मोठा

दिवा लावल्यावर भिंतीवर तळहाताएवढा तपकिरी कोळी दिसला की घरात आरडाओरडा होतो. त्याचं अंग चपटं असल्याने तो फोटोच्या चौकटीमागे आणि दाराच्या फटीत सहज मावतो. जाळं विणत नाही, रात्री धावून शिकार करतो. त्याची खास पसंती झुरळाला! मादी पोटाखाली पांढरी, चपटी, गोल चकती धरून फिरताना दिसते, ती तिची अंड्यांची पिशवी. हाताने दाबलं तर हा चावू शकतो आणि दुखतंही, म्हणून त्याला हातात धरू नका. एरवी तो तुमच्यापासून दूर पळण्याच्याच बेतात असतो.

कोळ्यावर घेतलेले आळ

पावसाळ्यात मानेवर किंवा गालावर लाल, जळजळणारा पट्टा उठला की लगेच म्हटलं जातं, कोळी अंगावरून गेला असेल. अशा अनेक पट्ट्यांमागे दिव्याकडे येणारा नारिंगी-काळ्या रंगाचा बारीक भुंगेरा असतो. तो चावत नाही. पण अंगावर चिरडला गेला की त्याच्या शरीरातलं विषारी द्रव्य कातडी भाजून काढतं. म्हणून तो अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा, चापट मारू नका आणि जागा साबणाने धुऊन घ्या. शरीराच्या एकाच बाजूला वेदना होऊन फोडांचा पट्टा उठला असेल तर ती नागीण असू शकते. तो विषाणूचा आजार आहे. त्यासाठी डॉक्टरकडे जायचं, कोळ्याला बोल लावत बसायचं नाही.

झोपेत माणूस वर्षाला आठ कोळी गिळतो, हा मजकूर मोबाइलवर अजून फिरतो आहे. त्याला काडीचा आधार नाही. झोपलेल्या माणसाचा श्वास, हृदयाचे ठोके, घोरणं ही सगळी कोळ्याच्या लेखी धोक्याची कंपनं. तो त्या दिशेला फिरकतच नाही.

आणि विष? जवळपास सगळ्याच कोळ्यांना विष असतं. ते माशीला लोळवण्याइतकं. आपल्या घरात नेहमी दिसणाऱ्या बहुतेक कोळ्यांचे दात माणसाच्या कातडीत धड रुततही नाहीत. उलट हिशेब मांडायचा तर स्वित्झर्लंड आणि स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी 2017 साली तो मांडला: जगातले सगळे कोळी मिळून वर्षाला 40 ते 80 कोटी टन भक्ष्य फस्त करतात, आणि त्यातला बहुतांश वाटा कीटकांचा असतो. सारी माणसं मिळून वर्षाला खातात ते मांस आणि मासे मिळूनही साधारण 40 कोटी टनच भरतात.

पाल

पालीबद्दल आपल्याकडे जितकी किळस आहे, तितकंच तिचं शास्त्रही मोठं आहे. पंचांगात पल्लीपतनाची फळं दिलेली असतात, म्हणजे पाल अंगावर कुठे पडली तर काय होणार याची यादी. कांचीपुरमच्या वरदराज मंदिरात तर सोन्या-चांदीच्या पालींना भाविक हात लावून येतात. मात्र पाल इतकी क्वचित का पडते, हा प्रश्न विज्ञानाला 2000 साली नीट सुटला. जीवशास्त्रज्ञ केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पालीच्या बोटांखाली लाखो सूक्ष्म केस असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला शेकडो फाटे. ते भिंतीच्या इतके जवळ जातात की रेणूंमधली अगदी क्षीण ओढसुद्धा मिळून तिचं वजन पेलते. डिंक नाही, चोषकही नाही. सुटायचं असेल तेव्हा ती बोटं टोकाकडून वर गुंडाळत उचलते. छतावरून धावताना हे सेकंदात कितीतरी वेळा घडतं.

घरच्या पालीला पापण्या नसतात. डोळ्यावर धूळ बसली की ती जिभेने डोळा चाटून पुसते. शेपूट तुटतं ते ठरलेल्या जागी. ते वळवळत राहतं, मांजर त्याकडे बघत बसतं आणि पाल पसार होते. नवं शेपूट येतं, पण त्यात मणके नसतात, नुसती कूर्चा. रात्री ती चुकचुकते ती शेजारच्या पालीला हद्द सांगण्यासाठी किंवा जोडीदाराला साद घालण्यासाठी. तुमच्या संभाषणाशी त्याचा संबंध नाही.

ती विषारी नाही. पाल पडलेलं दूध मात्र फेकूनच द्यायचं, कारण तिच्या आतड्यांत आणि विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. ओट्यावरची घाण पालीची की उंदराची हे ओळखायचं असेल तर टोक बघा. पालीच्या विष्ठेला पांढरं टोक असतं, ते युरिक ॲसिड.

जर्मन झुरळाचं माहेर

स्वयंपाकघरात मिक्सरमागे सापडणारं छोटं, पिवळट झुरळ जगभर जर्मन झुरळ म्हणून ओळखलं जातं. रशियात त्याला प्रशियाचं म्हणतात. 17 देशांतली 281 झुरळं जमवून त्यांच्या डीएनएची तुलना केली तेव्हा 2024 साली कळलं की ते जर्मनीचं नाहीच. सुमारे 2100 वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्याकडे सातवाहनांच्या सुमारास, भारतात किंवा म्यानमारमध्ये रानातल्या एका आशियाई झुरळापासून त्याची शाखा फुटली आणि ते माणसाच्या घरात शिरलं. पुढे व्यापाराच्या वाटांनी पश्चिमेला गेलं. आज ते रानावनात सापडतच नाही. माणसाचं घर हेच त्याचं रान झालं आहे.

झुरळांवर माझा जीव नाही. ती अन्न नासवतात आणि त्यांच्या विष्ठेने दमा बळावतो. पण त्यांचा एक वैरी तुमच्या खिडकीवर येत असेल, त्याला ओळखा. काळीकुळकुळीत, बारीक, पोटाचा इवला तुकडा सारखा वर-खाली हलवणारी एक माशी काचेवर फिरताना दिसते. लोक घाबरून तिला मारतात. ती माणसाला काही करत नाही. ती झुरळाच्या अंड्यांचा कोश शोधते आणि त्यात आपलं एक अंडं घालते. तिची अळी कोशातली सगळी अंडी खाऊन टाकते. ही माशी वारंवार दिसू लागली तर एक बातमी नक्की: घरात कुठेतरी झुरळं आहेत.

हिरव्या-निळ्या चकाकीची एक गांधीलमाशी तर याहून पुढची आहे. ती झुरळाला दोन डंख मारते, पहिला छातीत आणि दुसरा नेमका मेंदूत. झुरळ मरत नाही, त्याची आपणहून चालण्याची इच्छाच जाते. मग माशी त्याच्या मिशीला धरून त्याला बिळात घेऊन जाते आणि झुरळ मुकाट्याने चालत येतं.

कुंभारणीचं बाळ

प्लगच्या भोकात, पडद्याच्या मागे, मिटलेल्या छत्रीत मातीची घरटी बांधणारी कुंभारीण माशी आपल्या संतसाहित्यालाही परिचित आहे. ती अळीला घरट्यात कोंडते आणि अळी तिच्या ध्यासाने तिच्यासारखीच होऊन बाहेर पडते, हा कीटक-भृंग न्याय भक्तीच्या दृष्टान्तात शतकानुशतकं येत राहिला. निरीक्षण अचूक होतं: आत भलताच जीव गेला आणि बाहेर कुंभारीण आली. मधलं पान तेवढं दिसत नव्हतं. घरांत मातीचे उभे कप्पे बांधणारी कुंभारीण आत कोळी भरते, एकेका कप्प्यात दहाच्या आसपास, कधी जास्त. ते मेलेले नसतात, डंखाने लुळे पडलेले असतात, म्हणून नासत नाहीत. आत ती आपलं अंडंही घालते आणि दार लिंपते. बाहेर येतं ते तिचं स्वतःचं, कोळ्यांवर वाढलेलं बाळ. तिच्या काही बहिणी कोळ्यांऐवजी अळ्या भरतात, दृष्टान्तातली अळी ती. दृष्टान्ताची गोडी यामुळे कमी होत नाही.

डब्यात, पुस्तकात, मोरीत

तांदळातले टोके डब्याच्या फटीतून येतात असं वाटतं. खरं तर अनेकदा ते दाण्याच्या आत बसून घरी येतात. मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवते. अळी आतून दाणा पोखरते. मूग-चवळीवर दिसणारे पांढरे ठिपके ही भुंग्याची चिकटवलेली अंडी. आपल्या आज्या डाळींना एरंडेल चोळायच्या, त्यामागचं कारण पक्कं आहे: तेलाच्या थराने अंड्यांचा श्वास कोंडतो.

पुस्तकातली कसर ही त्याहून जुनी. पंख असलेले कीटक पृथ्वीवर यायच्या आधीपासून तिचं घराणं चालत आलं आहे आणि तिला आजही पंख नाहीत. ती खळ, डिंक, कागदावरचा स्टार्च खाते. पुस्तकं वाचत राहणं आणि कपाट कोरडं ठेवणं याइतका चांगला उपाय नाही.

न्हाणीघराच्या फरशीवर बसलेली केसाळ, बदामाच्या आकाराची माशी चावत नाही. तिच्या अळ्या मोरीच्या जाळीखालच्या बुळबुळीत थरात वाढतात. तो थर घासून काढा, माश्या थांबतील. पिकल्या केळ्यांवरच्या चिलटांचा तर मान राखावा असंच मला वाटतं. आनुवंशिकता गुणसूत्रांतून कशी चालते, हे टी. एच. मॉर्गन यांना याच फळमाशीने शिकवलं आणि 1933 चं नोबेल मिळवून दिलं. शरीरातल्या घड्याळाच्या शोधाचं 2017 चं नोबेलही तिच्याच जोरावर आलं.

मुंग्यांची रांग वासाच्या रेषेवरून चालते. नुसत्या मुंग्या झाडल्या तर रेष तशीच राहते. साबणाच्या पाण्याने पुसली तर रांग विस्कटते. त्यांच्या जगात मरणसुद्धा वासानेच ठरतं. कीटकशास्त्रज्ञ ई. ओ. विल्सन यांनी 1950 च्या दशकात जिवंत मुंगीला ओलेइक ॲसिड चोपडलं, जे मेलेल्या मुंगीच्या अंगात तयार होतं. बाकीच्या मुंग्यांनी तिला उचललं, पाय झाडत असतानाही कचऱ्यावर नेऊन टाकलं, आणि ती स्वतःला स्वच्छ करेपर्यंत हेच चाललं.

इथे हयगय नको

सगळ्यांशीच मैत्री करायची नाही. डास, ढेकूण, झुरळं आणि माश्या यांना घरात थारा नको. घोणीपासूनही लांब राहा. तिच्या पायांच्या जोड्या नेहमी विषम असतात, म्हणून तिला बरोबर शंभर पाय कधीच नसतात. आणि ती डसते ते तोंडाने नव्हे, पायांच्या पहिल्या जोडीच्या नांग्यांनी.

कोकणात खरा धोका लाल विंचवाचा. त्याचं विष हृदयावर जातं आणि लहान मुलं दगावत. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी रात्री काढल्या, लक्षणं टिपून ठेवली आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध वेळेवर दिलं तर जीव वाचतो हे दाखवून दिलं. त्यांचं काम लॅन्सेटने छापलं आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावला तर मंत्र-उतारा नको, थेट दवाखाना. पावसाळ्यात पायताण झटकून घाला. विंचू अतिनील प्रकाशात हिरवट-निळा चमकतो, त्यामुळे त्या प्रकाशाची स्वस्त बॅटरी घेऊन अंगण, लाकडं आणि विटांचे ढीग रात्री तपासता येतात.

झाडू उचलण्याआधी

दसऱ्याची साफसफाई करताना जाळ्यावर आधी हलकी फुंकर मारा. धूळ धरलेलं, रिकामं असेल तर खुशाल काढा. कोणी गरगरू लागलं तर त्याला पेल्याखाली धरा, खालून जाड कागद सरकवा आणि माळ्यावर किंवा जिन्याखाली नेऊन सोडा. घरातले बरेच कोळी पिढ्यान्‌पिढ्या घरातच राहत आले आहेत, उघड्यावर त्यांचा निभाव लागेलच असं नाही. बेसिनमध्ये अडकलेला कोळी नळीतून वर आलेला नसतो, तो गुळगुळीत काठावरून घसरून पडलेला असतो. काठावरून टॉवेलचं टोक आत सोडा, तो आपला आपण वर येईल. आणि सरसकट फवारा मारण्याआधी एवढं ध्यानात घ्या की झुरळाला मारणारं औषध झुरळ खाणाऱ्यालाही मारतं, आणि झुरळं त्याच्या आधी परत येतात. छताचा एखादा कोपरा यंदा कोळ्यांसाठी ठेवा.